नास्तिकाच्या हातचे रोट

नानांवर अन्याय झाला. कोणी केला आणि कधी केला, ते आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे 'आम्हाला माहीतच नव्हतं' म्हणायला कोणाला जागा नको. पहिला अन्याय मागच्या श्रावणात, कानबाईच्या आदल्या शनिवारी दुपारी, धुळ्यातल्या आमच्या गल्लीच्या पिठाच्या चक्कीवर, त्यांच्या सख्ख्या चुलतभावानं केला. दुसरा त्यानंतरच्या आठवड्यात, रविवारी सकाळी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत, आमच्या विवेकवादी मंडळानं केला. पहिले लोक देवीचे, दुसरे कुठल्याच देवाचे नाहीत. एकमेकांचं तोंड न बघणारी ही माणसं, पण दोघांनी वाक्य एकच वापरलं: "नाना, तुम्ही आमच्यातले नाही."

नाना माझे घरमालक. मी मूळची भडगावची, शिकायला धुळ्यात आले आणि त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत राहिले. खोली बघायला गेले तेव्हा फाटकावर पाटी होती: 'येथे देव राहत नाही. भाडेकरू राहतात.' खाली वेगळ्या रंगात, वेगळ्या हस्ताक्षरात आणखी एक ओळ होती: 'स्वयंपाकघर सोडून.' ही दुसरी ओळ त्यांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, त्याच पेंटरला परत बोलावून लिहून घेतली होती. नानांनी ती पुसली नाही. म्हणाले, "वस्तुस्थिती आहे. पुसायची कशी?"

हायस्कूलात विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते, पण वर्ग काही सुटला नव्हता. समोरचा माणूस भाजीवाला असो की गॅसवाला, त्यानं 'देवाच्या दयेनं बरं आहे' म्हटलं की नाना चष्मा वर करून विचारत, "कुठल्या देवाच्या? नाव, पत्ता सांग." कोणी दृष्ट लागल्याचं, भूत दिसल्याचं, स्वप्नात दृष्टांत झाल्याचं सांगितलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: "पुरावा आण, चहा घे." पुरावा कोणीच आणत नसे, चहा मात्र सगळे पिऊन जात. मंडळाच्या कामाला मी नवीन होते, तेव्हा मला ते फार थोर वाटायचं. नंतर लक्षात आलं की चहा अक्का करतात.

शनिवारी सकाळी ते पिशवी घेऊन बाजारपेठेत जात. दुकानदार आदल्या शनिवारची लिंबू-मिरची काढून नवी बांधतात. नाना ती जुनी गोळा करून आणत, कुजलेली फेकत आणि धडक्या मिरच्यांचा ठेचा करत. मंडळाच्या प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला तो ठेचा भाकरीबरोबर खावा लागे, दीक्षाच म्हणायची. मीही खाल्ला. अंधश्रद्धेची भीती त्या दिवशी कायमची गेली, ठेच्याची अजून आहे. स्कूटर त्यांनी सर्वपित्री अमावास्येला घेतली. त्या दिवशी शोरूममध्ये दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी मिळून त्यांना हार घातला आणि पेढ्यांचा अख्खा बॉक्स हातात दिला. घरी आल्यावर अक्कांनी त्या स्कूटरला कुंकू लावलं. नानांनी ओल्या फडक्यानं पुसलं. अक्कांनी परत लावलं. मी राहायला गेले तेव्हा त्या स्कूटरच्या नाकावर कायमचा लालसर डाग होता, आणि दोघंही तो आपल्या विजयाची खूण म्हणून दाखवत.

भांडण हा त्या घराचा मुख्य व्यवसाय होता. मी एकदा पत्रकासाठी मजकूर गोळा करत होते. विषय मंडळानं ठरवलेला: श्रद्धेनं आयुष्य भरतं की नास्तिकतेनं? त्यावर परिसंवाद होणार होता आणि आमच्या बाजूचे मुख्य वक्ते नाना होते. मी दोघांना समोर बसवून विचारलं. नाना सुरू झाले, "माणसाला कोणी वरून बघत नाही हे एकदा कळलं की तो स्वतः बघायला लागतो..." अक्का तांदूळ निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "पोरी, माले भांडाले दोन जन शेतस. एक देव नि एक ह्या. ह्यासले मी एकलीच." म्हणजे नानांपेक्षा त्यांच्याकडे भांडायला एक जण जास्त, हिशेब संपला.

"देव कधी उलट बोलतो का?" नाना म्हणाले. "त्याला भांडण नाही म्हणत."

"म्हनीसनच तो माले आवडस," अक्का म्हणाल्या.

मी हे पत्रकात घातलं नाही. आमच्या बाजूचं नव्हतं.

आता कानबाई. खानदेशाबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी बसते. नारळाला डोळे, नथ, साडीचोळी, वर फुलोरा, रात्रभर गाणी, सोमवारी डोक्यावर घेऊन नाचत नदीवर. एका भाऊबंदकीची कानबाई एका घरी बसते आणि बाकीचे सगळे तिथं जमतात. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचा, तो धुतलेल्या चक्कीवर दळायचा आणि त्याचे जाड रोट करायचे. हे रोट भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत ते संपलेच पाहिजेत. घरोघर थोडा फरक असेल. मी नानांच्या घरचं सांगतेय.

त्यांच्या भाऊबंदकीची कानबाई पिढ्यान् पिढ्या थोरल्या घरी, म्हणजे नानांकडेच, बसत आलेली. लग्न होऊन आल्यापासून ती अक्कांची होती. नानांचा या सगळ्यात सहभाग एवढाच, की गहू मोजताना ते ओट्यापाशी येऊन दरवर्षी जाहीर करत, "माझ्या नावाची मूठ घेऊ नका. मी तुमच्या देवीचा नाही." आणि अक्का त्यांच्या नावाची मूठ टाकत म्हणत, "तुम्हीन देवीना नहीत, पन मना त शेतस." म्हणजे माझे तर आहात. मग नाना बाहेर येऊन पेपर वाचत. पेपर उलटा असला तरी चालायचं.

मागच्या वर्षी आषाढात अक्का मोरीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, अक्का खाटेवर. ऑपरेशन नीट झालं ते कोणामुळे यावर दवाखान्यातच जुंपली. अक्का म्हणाल्या कानबाई, नाना म्हणाले डॉक्टर. बिलावर डॉक्टरची सही होती म्हणून तेवढं एक भांडण नाना जिंकले.

श्रावण लागला तसे चुलतभाऊ आले. त्यांना सगळे आबा म्हणतात. रावेरकडून केळी भरून ट्रक पाठवायचा धंदा, देवपुरात नवा बंगला, बंगल्यात देवघरालाच वेगळा एसी. खाटेजवळ बसून ते अक्कांना म्हणाले, "वहिनी, तब्येतीपेक्षा काही मोठं नाही. यंदा कानबाई आमच्याकडे बसवू. जागाही मोठी आहे."

अक्कांनी नुसतं भिंतीकडे तोंड केलं. मला त्यातलं काही कळलं नाही. मी जिन्यात उभी राहून मनात म्हणत होते, बरं झालं, एका बाईची कामातून सुटका झाली. आबा गेल्यावर अक्कांनीच सांगितलं. एकदा उठलेली कानबाई परत त्या घरी बसत नाही. यंदा गेली की गेली. इतक्या वर्षांचं थोरलेपण, सोमवारी डोक्यावर घेण्याचा मान, सगळं देवपुरात जाणार. आणि हे कोणी हिसकावून नेत नव्हतं, तर काळजी म्हणून नेत होतं, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

नाना दारात उभे होते. ते तसेच बाहेर गेले, फाटकाशी आबांना गाठलं आणि म्हणाले, "आबा, इथंच बसंल. मी बसवतो."

आबा हसले. "नाना, तुम्ही देव मानत नाही."

"मानत नाही. गहू निवडता येतो."

इथून पुढचे दिवस त्या घरात काय चाललं होतं, हे डोळ्यांनी बघितलं नसतं तर मीही पुरावा मागितला असता. नाना गच्चीवर गहू वाळवत होते. नाना गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, घेताना भाजीवाल्याला देठ दाखवत होते. नाना खाटेजवळ बसून विचारत होते, "फुलोऱ्याच्या पुऱ्या तुपात की तेलात?" आणि उत्तर लक्षात ठेवत होते. मी आधी चिडवलं, मग चिडले. शेवटी सरळ म्हटलं, "नाना, एवढं कशाला? गहू दुकानातून दळलेला आणते. कोण बघतंय?"

"देव बघत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे," ते म्हणाले. आणि आतल्या खोलीकडे मान केली. "ती बघतेय."

शनिवारी गहू मोजायची वेळ आली. ओट्यावर परात, बाजूला गव्हाचं पोतं. नाना एकेकाचं नाव घेऊन मूठ टाकत होते. पुण्याला असणाऱ्या आपल्या मुलाची टाकली. मग आबांची, आबांच्या मुलांची, त्या सगळ्या भाऊबंदांची, जे आदल्याच दिवशी निरोप पाठवून मोकळे झाले होते की आम्ही देवपुरात वेगळी बसवतोय, तुमच्याकडे येणार नाही.

"ते येणार नाहीत," मी म्हटलं. "त्यांची कशाला?"

"घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाची मूठ, असा नियम आहे. आलेल्या पुरुषाची असा नाही."

आतून अक्कांचा आवाज आला, "तुमनी टाकी का?"

इतकी वर्षं नानांना नको नको म्हणायला सोपं होतं, टाकणारा हात दुसरा होता. आता पोतंही त्यांचं आणि हातही त्यांचाच. ते क्षणभर गव्हाकडे बघत राहिले, मग सव्वा मूठ भरून परातीत टाकली आणि मोठ्यानं म्हणाले, "टाकली. नोंद म्हणून."

मग त्यांनी पुन्हा पोत्यात हात घातला. "आता तुझी."

"मनी? बाईनी मूठ नही ऱ्हास," अक्का आतून म्हणाल्या.

"पुरावा आण, चहा घे."

खाटेवरून आवाज आला, "मंग जराशी मोठी टाका."

बायकांची मूठ का नाही, यावर मी दोन पत्रकं काढली होती. दोन्ही वेळा लोकांनी त्यात शेंगदाणे बांधून नेले. इथं एका दुपारी काम झालं, आणि करणारा माणूस देव न मानणारा.

तीच परात डब्यात भरून नाना चक्कीवर गेले. चक्की धुऊन, हार घालून तयार. पुढे बायकांची रांग. आबा तिथं आधीच उभे होते, त्यांचंही दळण होतं. ते चक्कीवाल्याला म्हणाले, "हे दळण घेऊ नकोस. बाकीच्यांचं बाटेल. हा देव न मानणारा माणूस." आणि मग नानांकडे वळून, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं, "नाना, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही आमच्यातले नाही." चक्कीवाल्यानं हात जोडले. तो तरी काय करणार, आबांची माणसं वर्षभराचं गिऱ्हाईक.

मी तिथंच भाषण सुरू केलं. संविधानापासून केलं. नानांनी माझ्या हातात डबा दिला आणि म्हणाले, "चल गं आंदोलन, घरी जातं आहे."

जातं परसात होतं, त्यावर कोरफडीची कुंडी ठेवलेली. ते धुतलं आणि नाना खाली बसले. विज्ञान शिकवताना त्यांनी घर्षणावर कितीतरी तास घेतले असतील. इथं घर्षणानं त्यांचे तास घेतले. मी खुंट्याला हात लावायला गेले तर म्हणाले, "तू नको. तू भाऊबंद नाहीस." आत अक्का कान लावून पडल्या होत्या. घरघर जाड झाली की ओरडत, "गहू कमी सोडा." पीठ शेवटी रवाळच झालं. नाना म्हणाले प्रयोग यशस्वी, अक्का म्हणाल्या ढोरांना घाला, आणि त्याच पिठाचे रोट झाले.

रविवारी कानबाई बसली. भाऊबंद आले नाहीत, पण गल्लीतल्या बायका गाण्यांसाठी आल्या आणि त्यांनी अक्कांची खाटच उचलून बैठकीच्या दारात आणली. आरतीचं ताट नानांच्या हातात. ओठ घट्ट मिटलेले. अक्का म्हणाल्या, "तोंड तरी हालवा." तोंड हलायला लागलं. मी जवळ जाऊन ऐकलं. हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम. टाळ्यांच्या ठेक्यात बरोबर बसत होतं. आरती आर्गॉनपर्यंत चालली.

सोमवारी निघताना अक्कांनी शेवटची सूचना दिली. "नुसती लई जाऊ नका. नाचत लई जा. मी नाचत लई जास."

म्हणून पांझरा नदीच्या रस्त्यावर, बॅन्जोच्या पुढे, डोक्यावर पाट, पाटावर नथ घातलेली कानबाई, आणि खाली पांढरा शर्ट खोचलेले माझे घरमालक नाचले. नाच कसा होता विचारू नका. एक पाय टाकताना दुसऱ्याची परवानगी घेत होते. पण घरापासून नदीपर्यंत थांबले नाहीत, आणि मोबाइलवर पुढे अक्कांना सगळं दाखवायचं म्हणून मला चित्रण करायला लावलं. अक्कांनी ते बघितलं आणि चूक तेवढी काढत म्हणाल्या, "डावा पाय चुकना."

तसं चित्रण दुसऱ्याही कोणीतरी केलं होतं. ते मंडळाच्या ग्रुपवर आलं. पुढच्या रविवारी बैठक. अध्यक्ष म्हणजे आमचे जुने कार्यकर्ते. दिवाळीत घरी केरसुणीची पूजा होते, पण ते स्वच्छतेचं प्रतीक म्हणून करतात. ते म्हणाले, "नाना, बाकी समजू शकतो. नाचायची काय गरज होती?"

"तिचे पाय चालत नव्हते. माझे चालत होते."

"पण समाजात संदेश काय गेला?"

"तो तुमच्या मोबाइलवर गेला. मला काय विचारता?"

"तुम्ही देव मानायला लागलात का, हो की नाही?"

"नाही," नाना म्हणाले. "पुरावा मिळाला तर कळवतो."

कोणी हसलं नाही. मी उठून बोलले, जातं सांगितलं, मुठी सांगितल्या, अक्कांच्या नावाची मूठ सांगितली. अध्यक्ष म्हणाले भावना समजतात, तत्त्वाचा प्रश्न आहे. मग ते नानांना म्हणाले, "तुम्ही आमच्यातले नाही," आणि तिथंच बसल्या बसल्या त्यांना ग्रुपमधून काढलं. ज्यांचा ठेचा खाऊन आम्ही कार्यकर्ते झालो, त्यांना अंगठ्याच्या एका दाबानं. परिसंवाद त्यांच्याशिवाय झाला. श्रद्धेच्या बाजूनं बोलायला कोणाला बोलावलंच नव्हतं, म्हणून आमच्यातल्याच एकाला उभं केलं. तो हरला आणि आम्ही जिंकलो. चहा झाला.

नाना तेव्हा घरी रोट खात होते. अख्ख्या भाऊबंदकीच्या मुठी, खाणारी माणसं दोन, त्यातलं एक खाटेवर. पौर्णिमेच्या आत संपले पाहिजेत. सकाळी दुधात, दुपारी गंगाफळाच्या भाजीशी, संध्याकाळी परत भाजून. मधे ओव्याचं पाणी. मी म्हटलं एक तरी मला द्या, तर नाही. बाहेरच्याला देत नाहीत. म्हटलं गाईला घाला, तर नाही. गाय भाऊबंद नाही. एवढा प्रसाद त्या श्रावणात धुळ्यातल्या कुठल्या भक्तानं खाल्ला असेल तर त्यानं पुढे यावं. पौर्णिमेच्या सकाळी शेवटचा तुकडा राहिला. नाना म्हणाले, "हा आबाचा वाटतो. चिवट आहे." अक्का खाटेवर हसल्या, इतक्या की खुबा दुखला, आणि तो दोष देवाला गेला की नानांना, यावर नवं भांडण सुरू झालं.

मी आता जळगावला असते. माझं मत बदललेलं नाही, देव नाही. परिसंवादाचा प्रश्न मात्र त्या खोलीत चुकीच्या माणसांनी सोडवला, असं मला वाटतं. मागच्या आठवड्यात फोन केला होता. अक्का वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जातात. कानबाई त्यांच्याकडेच बसणार. उठलीच नव्हती ना. नाना म्हणाले गहू आणून ठेवलाय, मुठी सगळ्यांच्या टाकणार. आबांची? हो. आबांच्या मुलांची? नियम आहे. आणि बायकांच्या? "ती म्हणते सगळ्या सुनांच्या टाका. आता आवरत नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "यंदा मात्र एकट्याला संपणार नाहीत गं. डॉक्टरनं जड खाणं कमी सांगितलंय."

हे छापून येईल तेव्हा वाचणाऱ्यांत दोन्ही बाजूंची माणसं असतील. भाऊबंद असाल, तर त्या पिठात तुमच्या नावाची सव्वा मूठ आहे, आणि तुमच्या बायकोच्याही नावाची आहे. पौर्णिमेच्या आत धुळ्याला जा आणि खाऊन या. मंडळाचे असाल, तर तुम्हाला रोट मिळणार नाही, पण शनिवारचा ठेचा मिळेल. तोही खाऊन या. फाटकावरची पाटी वाचा, हात धुवा, त्यांच्यासमोर पाटावर बसा. आणि पहिला घास तोंडात घालण्याआधी, अक्का ऐकत असताना, नानांच्या डोळ्याला डोळा देऊन तुम्हा दोघांचं ते एकच वाक्य परत एकदा म्हणून दाखवा.